पाठमोरी

टॅब्लेट उजेडात तिरका धरला की दिसायचं. काचेवरचा चकचकीत लेप सगळीकडे सारखा होता. फक्त उजव्या कडेला, अक्षरं खोडण्याच्या कळीवर, तो झिजून पांढुरका झाला होता. करंगळीच्या नखाएवढा डाग. दुसऱ्या कुठल्याही अक्षरावर, अगदी शोधाच्या बाणावरही, एवढी झीज नव्हती. विशाखा इंगोलेनं त्याचा एकच अर्थ लावला होता: या काचेवर लिहिणाऱ्या बायका मनातलं लिहायला घेतात, थांबतात आणि खोडतात. रोज दुकान आवरताना ती स्पिरिटच्या बोळ्यानं काच पुसायची आणि त्या डागावरून बोट फिरवायची. डाग अर्थातच जात नसे.

सांगोल्याच्या पेठेत 'इंगोले मेडिकल' म्हणजे एक शटर आणि दोन माणसं. मालक दिगंबर इंगोले. गल्ला आणि गप्पा त्यांच्याकडे. औषधशास्त्राची पदवी विशाखाची, म्हणून परवाना तिच्या नावावर. दुकानाच्या मागच्या अंगाला इन्सुलिन ठेवायचा फ्रिज होता आणि फ्रिजच्या आड एक स्टूल, चार्जिंगची वायर आणि तो टॅब्लेट. समोर जुन्या चादरीचा पडदा.

या कोपऱ्याची सुरुवात एका अपमानातून झाली होती. पेठेतल्याच एका सुनेनं घरच्या फोनवर अंगावरून पांढरं जाण्याबद्दल विचारलं. घरातले फोन, टीव्ही, सगळं एकाच खात्यावर चालणारं. घरची मंडळी जेवायला बसली असताना टीव्हीनं त्याच तक्रारीवरच्या औषधाची जाहिरात लावली आणि वर 'तुमच्या घरातील एका सदस्यासाठी' असंही सांगितलं. सासरे समोर. सून ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाली, "ताई, आता मी काही विचारायचं तर देवाला पण नाही विचारणार. त्याच्याकडं पण टीव्ही असंल."

विशाखाला हसू आलं नाही. तिनं दुकानाचा टॅब्लेट उचलून फ्रिजमागे नेऊन ठेवला. म्हणाली, "इथं विचार. खातं माझं आहे. मी बघत नाही."

आणि ती खरंच बघत नसे. बाई पडद्याआड गेली की विशाखा तिच्याकडे पाठ करून उभी राहायची आणि फळीवरच्या गोळ्यांच्या पाकिटांच्या कडा एका रेषेत आणायची. आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला की वळायची. कुणाला तिला तोंडानं काही विचारायचं असेल तर विचारायच्या. नाहीतर क्रोसिनचं पाकीट घेऊन निघून जायच्या. कोणी काय विचारलं हे तिला माहीत नसे आणि माहीत करून घ्यायची तिला इच्छाही नव्हती. दिगंबररावांनाही तिनं शिस्त लावली होती: त्या कोपऱ्याकडे मान वळवायची नाही. संध्याकाळी काच पुसून झाली की ती 'शोध-इतिहास पुसा' ही कळ दाबायची. टॅब्लेट विचारायचा, 'नक्की?' ती 'हो' दाबायची. मग प्रत्येकीला खात्रीनं सांगायची, "रोज पुसते मी. काच पण आणि आतलं पण."

विज्ञान शिकलेली बाई. कळीवर जे लिहिलंय ते ती कळ करते, असं ती धरून चालली होती.

*

नोटीस आली ती थेट गल्ल्यावर. औषध विश्वास मंडळाची. दिगंबररावांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतली.

हे मंडळ नवंच होतं. झोपेच्या गोळ्या, वेदनाशामक इंजेक्शनं, असली जोखमीची औषधं ज्यांच्या ताब्यात असतात त्या प्रत्येकाचा 'स्वभाव-अहवाल' आता परवान्याच्या नूतनीकरणाला लागत असे. अहवाल तयार करायची 'धांडोळा' ही कंपनी. देशी भाषांत शोध घेऊन देणारी, जिच्याशिवाय आता कुणाचं पान हलत नव्हतं. तिचा युक्तिवाद साधा होता. माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो, वकिलाशी बोलतो, बायकोशी तर बोलतोच. पण शोधाच्या चौकटीशी बोलत नाही, कारण तिथं त्याला उत्तर हवं असतं. तेव्हा कुणी काय काय विचारलं हे वर्षानुवर्षं साठवून यंत्राला वाचायला दिलं, की त्या माणसाचा स्वभाव आणि पुढचं पाऊल दोन्ही सांगता येतं. आधी बँकांनी हे अहवाल घेतले, मग शाळेच्या बसवाल्यांनी आणि शेवटी लग्नं जमवणाऱ्यांनी. पत्रिकेतल्या मंगळावर विश्वास ठेवणाऱ्यांना विशाखा जन्मभर हसत आली होती. आता तेच लोक एकमेकांचे अहवाल मागवत होते आणि त्याला विज्ञान म्हणत होते.

"तांबी," दिगंबरराव म्हणाले.

"काय?"

"'तांबी नवऱ्याला कळते का.' परत परत विचारलंयस."

विशाखा हातातली सिरपची बाटली खाली ठेवून वळली. "अहो, माझं वय काय?"

"ते मला नको सांगू. यंत्राला सांग."

"पाळी जाऊन किती वर्षं झाली माझी? अंगाची लाहीलाही व्हायची तेव्हा तुम्हीच पुठ्ठ्यानं वारा घालत होता."

"ते खरंय." त्यांनी डोकं खाजवलं. वारा त्यांना आठवला असावा. पण कागद हातात होता. "पण मग यंत्र खोटं कशाला लिहील? आपण त्याचं काय घोडं मारलंय? हे बघ ना, 'घर सोडण्याचा विचार, वारंवार.' 'मारहाणीची शक्यता, जास्त.' मी कधी हात उचललाय तुझ्यावर? 'घातक मात्रेबद्दल चौकशी.' 'घरातील व्यक्तीचं दारूचं व्यसन.' आता हे कोण? मी? आपल्या धाकट्या शहाजीच्या लग्नात एक ग्लास घेतला होता, तोही तू ओतून दिलास."

"अहो, हे माझं नाही. कोपऱ्यातल्या बायकांचं आहे."

"तुझं खातं आहे ना?"

"खातं माझं आहे."

"मग?"

त्या 'मग?'मध्ये सगळं आलं होतं. इतक्या वर्षांचा संसार एका पारड्यात आणि कंपनीचा एक कागद दुसऱ्यात, आणि काटा क्षणभर का होईना हलला होता. विशाखानं कागद त्यांच्या हातातून घेतला. शेवटच्या पानावर एक वेगळी चौकट होती. 'पाठवण्यापूर्वी खोडलेला मजकूर.' खाली अर्धीमुर्धी वाक्यं.

'त्यांनी काल परत'

'माझ्या मुलीला तिचे काका'

'मी मेले तर पोरांचं'

तिनं कागद उलटा ठेवला. पण डोळ्यांनी वाचायचं ते वाचलं होतं. इतकी वर्षं ती पाठ करून उभी राहिली आणि तिच्या हातात हे आणून दिलं होतं, सरकारी शिक्क्यासह. बायकांनी लिहून पुसलेलं, कुणालाच न विचारलेलं. पहिला विचार अहवालाचा नव्हताच. पहिला विचार हा, की मी प्रत्येकीला सांगितलं होतं, रोज पुसते. यांनी मला खोटं पाडलं.

*

धांडोळाचा माणूस आठवड्याच्या आत आला. निनाद नाव, पुण्याचा, अतिशय सभ्य. बूट बाहेर काढून आला.

"मॅडम, तुमच्यावर अन्याय झालाय हे आम्हाला मान्य आहे," तो म्हणाला. "म्हणून तर मी आलोय. यंत्राच्या दृष्टीनं एक खातं म्हणजे एक माणूस. आता तसं नाही राहिलं. आम्ही हात वेगळे काढू शकतो."

"हात?"

निनादनं समजावून सांगितलं आणि विशाखाला कबूल करावं लागलं की छान समजावलं. कळीवर बोट पडतं तेव्हा धांडोळा फक्त अक्षर साठवत नाही. दोन अक्षरांमध्ये किती वेळ गेला, बोट किती दाबलं, कुठल्या शब्दापाशी थांबलं, काय लिहून काय खोडलं, हे सगळं साठवतो. प्रत्येक माणसाची लिहिण्याची एक चाल असते. आपण चालणाऱ्या माणसाला पाठीमागूनही ओळखतो, तसं यंत्र बोटांच्या चालीवरून हात ओळखतं. एका खात्यात पंधरा जणींनी लिहिलं असेल तर पंधरा चाली सापडतात.

विशाखाला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. शाईचा एक काळा थेंब गाळणकागदावर ठेवायचा आणि कागदाची कड पाण्यात बुडवायची. पाणी वर चढत जातं आणि काळ्या थेंबातून निळा, तांबडा, पिवळा एकमेकांपासून सुटे होत जातात. क्रोमॅटोग्राफी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला ती जगातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटली होती. आता हा मुलगा तिच्या दुकानातल्या बायकांना कागदावर ठेवून पाण्यात बुडवायला आला होता.

"पण मी रोज पुसत होते," ती म्हणाली.

"हो, दिसतं ना. तुमच्याइतकं नियमित कुणीच पुसत नाही." त्याच्या आवाजात कौतुक होतं. "पुसलेलं तुमच्या टॅब्लेटच्या पडद्यावरून जातं, मॅडम. आमच्याकडे ते 'पुसलेलं' अशी खूण करून राहतं. खरं तर पुसलेलं जास्त उपयोगी असतं. माणूस काय लपवतो, हे त्यातनं कळतं."

"आणि ही संमती कुणाची लागते? हात वेगळे करायला?"

"तुमची. फक्त तुमची. टॅब्लेटवर 'संमती' दाबायचं. नावं सांगायची गरज नाही, हं. त्या बायका घरच्या फोनवर कधी ना कधी लिहीत असतीलच. तिथली चाल आणि इथली चाल जुळवली की नाव आपोआप लागतं. त्यांचे प्रश्न त्यांच्या अहवालात जातील, तुमचा अहवाल स्वच्छ."

"त्यांच्या अहवालात. जे त्यांच्या घरच्या खात्याला जोडलेले आहेत."

"अर्थात."

"प्रश्न त्यांचे. मग त्यांना कुणी विचारणार आहे की नाही?"

निनाद जरा गोंधळला. हा प्रश्न त्याला कुणी केला नसावा. "पण त्यांचं इथं खातं नाहीये ना, मॅडम."

विशाखानं टॅब्लेटकडे पाहिलं. त्याचा अर्थ निनादनं होकाराकडे झुकता असा घेतला असावा, कारण त्यानं नमुना उघडला. "हे बघा, किती स्पष्ट येतं. हात पाच. फक्त डावा अंगठा वापरते. उजवा वापरतच नाही. त्यामुळे उजवीकडच्या कळांपर्यंत पोचायला वेळ लागतो, खोडायला तर फारच. 'तांबी नवऱ्याला कळते का' हे हात पाचचं. तुमचं नाहीच!"

"बंद करा ते," विशाखा म्हणाली.

पण उशीर झाला होता. डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये देठ छाटताना सिकेटरच्या कात्रीनं शीर तुटली आणि तेव्हापासून जिचा उजवा अंगठा वाकत नाही, अशी बाई तिच्याच घरात राहत होती. तिची धाकटी जाऊ, रत्नमाला. दोन मुलींनंतर कूस का उजवत नाही म्हणून जिला सासूबाई अकलूजच्या डॉक्टरांपासून देवऋष्यापर्यंत सगळीकडे फिरवत होत्या आणि जी मान खाली घालून सगळीकडे जात होती.

विशाखाला वळायचं नव्हतं. तिला धरून वळवलं होतं.

"आणि गंमत बघा," निनाद बोलतच होता, "एक हात फक्त गुरुवारी दुपारी येतो. दुकान बंद असतं तेव्हा."

गुरुवारी दुपारी शटर अर्धं ओढलेलं असायचं आणि विशाखा महूदला आईकडे गेलेली असायची. किल्ली एकाच माणसाकडे.

"मी चहा सांगतो," दिगंबरराव एकदम उठत म्हणाले. "साखर चालते ना तुम्हाला? सांगतो. कमी साखरेचा पण मिळतो."

ते चपला न घालताच रस्त्यावर गेले. विशाखा फळीकडे वळली आणि पाकिटांच्या कडा एका रेषेत आणू लागली. "तो हात राहू दे," ती निनादला पाठमोरीच म्हणाली. "मला त्यातलं काही बघायचं नाही."

जाताना निनादनं दोन्ही वाटा नीट सांगितल्या. संमती दिली तर सुनावणी म्हणजे नुसती औपचारिकता. नाही दिली आणि प्रश्न दुसऱ्यांचे आहेत असं म्हटलं, तर मंडळ सुनावण्या लावत राहणार, आज ना उद्या स्वतःच्या अधिकारात हात वेगळे करायचा हुकूम काढणार. "तिसरी वाट म्हणजे सगळे प्रश्न माझेच, असं तुम्ही जबाबात सांगायचं. मग वेगळं करण्यासारखं काही उरतच नाही, फाइल कायमची बंद. पण मग परवाना गेला. पुन्हा कुठल्याही मेडिकलमध्ये उभं राहता येणार नाही. असं कोण करेल?" तो हसला आणि बूट घालायला वाकला.

*

जेवताना शहाजीनं विषय काढलाच. तो दिगंबररावांचा धाकटा भाऊ, रत्नमालाचा नवरा. दोन्ही भावांची चूल अजून एक होती.

"वहिनी, दाबा की ते बटण. आपलं दुकान कशाला घालवायचं लोकांच्या बायकांपायी? आणि खरं सांगू, कळू दे तरी एकदा, गावात कुणाकुणाच्या घरी काय चाललंय." तो हसत सुटला. "तांबी म्हणे! नवऱ्याला फसवून तांबी! अशा बाईला तर चौकात उभी करायला पाहिजे."

रत्नमाला भाकरी वाढत होती. डाव्या हातानं. भाकरी ताटात पडली ती जरा जोरात.

"तुम्ही जेवा की आधी," ती म्हणाली. "का चौकातच जेवणार आहात?"

सासूबाई हसल्या, शहाजीही हसला. विशाखा हसली नाही. दिगंबररावांनीही मान वर केली नाही. चहाच्या दिवसापासून त्यांनी संमतीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. "वहिनीला जेवू दे, शहाजी," ते ताटाकडे बघत म्हणाले. "दुकान तिचं आहे."

"तिचं? बोर्डावर तुझं नाव आहे, दादा."

"बोर्डावर आहे."

दुकानात मात्र सगळं बदललं होतं. बातमी गावभर झाली होती; कशी, ते सांगायला नको. पडदा तसाच होता, स्टूल तसंच होतं, कुणी आत जात नव्हतं. बायका येत, औषधाचं नाव सांगत, पिशवी घेत, नजर न मिळवता जात. ती टीव्हीवाली सून रस्त्याच्या पलीकडूनच निघून गेली. विशाखाला तिचा राग आला नाही. राग दुसऱ्याच कुणाचा होता आणि त्याला चेहरा नव्हता. त्याला फक्त अटी होत्या, बारीक अक्षरातल्या, आणि एक निळी कळ, 'संमती', जी टॅब्लेट रोज सकाळी तिच्यासमोर धरत होता. खाली 'नंतर ठरवा' असंही लिहिलेलं असायचं. ती रोज तेच दाबायची.

कारण ठरत नव्हतं. हे तिला स्वतःशी कबूल करावं लागत होतं. चुकीची नोंद तशीच राहू देणं तिच्या स्वभावात नव्हतं; एखाद्या पाकिटावर तारीख पुसट असली तरी ती झोपू शकत नसे. आणि हा तर तिच्या नावावरचा अख्खा खोटा माणूस होता: मार खाणारा, दारुड्याच्या घरातला, विषाची मात्रा शोधणारा. एक कळ दाबली की तो नाहीसा होणार होता. दुकान राहणार होतं. या वयात दुसरं काय करायचं? ती दुसरं काही शिकलीच नव्हती. आणि हेही ती स्वतःशी म्हणून बघे, की त्या बायकांनी तरी माझ्यासाठी काय केलं? मग तिला स्वतःची लाज वाटे आणि लाज वाटायला लावणाऱ्यांचा संताप येई. चोरी त्यांनी केली आणि हिशेब मी माझ्याशी मांडत बसले आहे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी ती गच्चीवर गेली. रत्नमालानं डाळिंबाची सालं वाळत घातली होती. ती चादरीच्या कडेला बसून सालं पालथी करत होती.

"ताई," ती न बघता म्हणाली, "काच पुसत होता ना तुम्ही?"

"पुसत होते."

"आणि आतलं?"

"आतलं पण पुसत होते. ते पुसलं जात नव्हतं."

रत्नमालानं एक साल उचललं, परत ठेवलं. "धाकटीच्या बारशाला पेढे नव्हते वाटले, आठवतंय? सासूबाई म्हणाल्या, कशाचे वाटायचे. बाळंतपणात रक्त गेलं तेव्हा डॉक्टरीण म्हणाली होती, आता परत नको, जिवावर बेतेल. हे ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, डॉक्टर घाबरवतातच. म्हणून मी—"

"मला सांगू नकोस."

"तुम्हाला माहितीय, ताई."

"मला काही माहीत नाही. मी पाठमोरी होते."

"आता तर तोंड माझ्याकडं आहे तुमचं."

विशाखा वळली. गच्चीच्या कठड्यावर हात टेकून खालच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. मागून रत्नमाला म्हणाली, "दाबा तुम्ही बटण. दुकान गेलं तर तुम्ही जगणार नाही. माझं मी बघीन."

"काय बघशील?"

मागे सालं सरकवल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. विशाखाला उत्तर अहवालाच्या शेवटच्या पानावर छापल्यासारखं दिसलं: 'मी मेले तर पोरांचं'. ते वाक्य कुठल्या हाताचं होतं, हे तिनं कुणालाही विचारलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली, पाठमोरी, आणि तिच्या लक्षात आलं की आपण रडत नाही आहोत. आपले दात एकमेकांवर घट्ट बसले आहेत.

*

सोलापूरला मंडळाची खोली थंड होती. लांब टेबलामागे मंडळाचे तीन जण आणि टोकाला जबाब लिहून घेणारी टंकलेखिका. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, वयस्कर, आवाजाला मृदू. बाजूला निनाद, त्याच्या समोर टॅब्लेटचा उघडलेला पडदा आणि त्यावर ती निळी कळ.

"इंगोले मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न साधा आहे. हे सगळे शोध तुमचे की दुसऱ्यांचे? दुसऱ्यांचे असतील तर संमती द्या, पाच मिनिटांत मोकळ्या व्हा."

"आधी मी एक विचारू?"

"विचारा."

"माणूस बोलता बोलता थांबतो. शब्द गिळतो. गिळलेला शब्द आजवर कुणी घशात हात घालून काढला नव्हता." ती हळू बोलत होती, आयुष्यात कधी मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. "यांनी काढलाय. खोडलेलं छापून माझ्या घरी पाठवलंय. कुणाच्या परवानगीनं?"

"अटींमध्ये असतं ते, मॅडम," निनाद म्हणाला. "आपण मान्य केलेल्या."

"मी केल्या. लिहिणाऱ्यांनी नाही केल्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, मी तुमच्या कळीवर ठेवला. 'पुसा' असं लिहिलंय तिच्यावर. मी औषधाच्या बाटलीवर एक लिहून आत दुसरं भरलं असतं, तर तुम्ही मला तुरुंगात घातलं असतं. घातलं असतं की नाही?"

तिघांपैकी एकानं घसा साफ केला. अध्यक्षांनी कागद सरळ केले. "तुमची भावना समजते. पण कंपनीची कार्यपद्धती हा या मंडळाच्या कक्षेतला विषय नाही."

"मग कुणाच्या कक्षेत आहे?"

निनाद पडद्याकडे बघत राहिला.

"आपण मुद्द्यावर येऊ," अध्यक्ष म्हणाले आणि दिगंबररावांकडे वळले. "मालक तुम्ही ना? त्या कोपऱ्यात कोण येतं, तुम्हाला तर माहीत असेल. तुम्हीच सांगून टाका."

दिगंबरराव उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. "मी गल्ल्यावर असतो, साहेब," ते म्हणाले. "त्या कोपऱ्याकडं बघायचं नाही, अशी आमच्यात पद्धत आहे." जरा थांबून त्यांनी विशाखाकडे पाहिलं. "ती पाळते. माझ्या बाबतीत पण पाळली."

ते बसले. खोलीतल्या कुणालाच त्याचा अर्थ लागला नाही. विशाखाला लागला आणि तिनं मान वळवली नाही.

"मॅडम, शेवटचं विचारतो," अध्यक्षांचा मृदूपणा आता ताणला गेला होता. "तुम्ही नाकारलंत तर सुनावण्या चालू राहतील आणि एक दिवस आम्हालाच हात वेगळे करावे लागतील. मान्य केलंत तर परवाना आजच रद्द, कायमचा. आम्हाला एक उत्तर हवंय. हे प्रश्न कुणाचे?"

विशाखानं पडद्यावरच्या निळ्या कळीकडे पाहिलं. तिची काच नवी होती, कुठेही न झिजलेली. मग तिनं टेबलामागच्या टंकलेखिकेकडे पाहिलं, जिची बोटं कळांवर थांबली होती.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "आणि हे खोडू नका. विषाचे, घर सोडायचे, तांबीचे, लिहिलेले, पुसलेले, एकूण एक. ते सगळे प्रश्न माझे आहेत."